काशीने झिजवलेले देव

तेराव्याच्या दिवशी मला कळलं की आमच्या घरातले देव गेले.

माझी बायको काशी गेली ते तेरा दिवसांपूर्वीच साऱ्या कुळगावाला कळलं होतं. पोटाच्या दुखण्याने ती वर्षभर अंथरुणात होती. येणारे जाणारे म्हणायचे, मनाची तयारी झालेलीच होती. कोणाची झाली होती मला माहीत नाही. माझी झाली नव्हती. पण देवांचं असं काही होईल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

सुतकात घरच्या देवांना हात लावायचा नाही, म्हणून ती गेली त्याच दिवशी माझी बहीण जनाबाई आमचे टाक अंबरनाथला आपल्या घरी घेऊन गेली होती. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला सुतक तीन दिवसांचं. ते फिटलं की ती पूजा करणार आणि तेराव्याला देव परत आणून देणार. आमच्या आगऱ्यांच्या घरांत असं पूर्वीपासून चालत आलं आहे. टाक म्हणजे अंगठ्याएवढे चांदीचे पत्रे, त्यांवर देव ठोकलेला. आमच्याकडे तीन होते. एक एकवीरा, एक खंडोबा आणि एक आमच्या घराण्यातला वीर, ज्याचं नाव आता कोणालाच सांगता येत नाही.

दुपारी पंगत बसायच्या आधी जनाबाई रिक्षातून उतरली. हातात लाल फडकं. मांडवात सगळे होतेच. तिने पाट मागवला, पाटावर फडकं सोडलं आणि माझ्याकडे बघून हसली. तेरा दिवसांत आमच्या दारात कोणी असं हसलं नव्हतं.

"दादूस, बघ," ती म्हणाली. "कसे दिसतान देव!"

मी बघितलं. तीन जाड, पांढरे, चकचकीत टाक. एकवीरेला टपोरे डोळे, नाकात नथ. खंडोबाच्या घोड्याला शेपटी. वीराला मिशा. आमच्या वीराला मिशा मी कधी बघितल्या नव्हत्या.

"हे कोणाचे?" मी विचारलं.

"कोनाचे म्हंजे? आपलेच. उजळून आनले."

"आणि जुने?"

जनाबाईने माझ्याकडे न बघता कमळाकरकडे बघितलं. कमळाकर माझा धाकटा भाऊ. त्याच्या वाट्याची भातजमीन बिल्डरने घेतल्यापासून त्याचा बंगला झाला, पांढरी मारुती व्हॅन आली, आणि बोलताना तो चावी हातात फिरवायला लागला. आताही फिरवत होता.

"जुने त्यातच गेले," तो म्हणाला. "सोनाराला दिले. झिजले होते दादा, काय उरलं होतं त्यांच्यात? पदरची चांदी घातली मी वरून. वजन बघ हातात घेऊन."

मी हातात घेतले नाहीत.

टाक झिजले की उजळून घेतात, हे मलाही माहीत आहे. झिजलेला देव पूजू नये असं आमच्याकडे मानतात. पण त्याला रीत आहे. ज्या घरचे देव त्या घरच्या माणसाने आपल्या हाताने सोनाराला द्यायचे. जुन्यातली चिमूटभर तरी चांदी नव्यात घालायची. सुतकात तर ह्यातलं काहीच करायचं नाही. माझी बायको जाऊन आठवडा झाला नव्हता आणि ह्यांनी तिचे देव दुकानात नेले. मला विचारलं नाही. ओटीवर रोज दोन वेळा येऊन बसत होते, चहा पीत होते, आणि ह्यातला एक शब्द कोणी बोललं नाही.

"कोणाला विचारून नेलेस?" मी म्हणालो.

"विचारायचं काय त्यात? चांगलंच केलं ना?"

तेवढ्यात सरस्वती पुढे आली. कमळाकरची बायको. बाईचा आवाज गोड आहे. कोणाला टोचायचं असेल तेव्हा जास्तच गोड होतो.

"भावजी, राग नका धरू," ती म्हणाली. "पन खरं ते बोलाया पायजे. डोलं नाय, तोंड नाय, असल्या देवांना वयनीनी तीस वरसां पुजलं. घरात असं ठेवू नये म्हनतान. मोठी मानसं काय येडी व्हती सांगायला? शेवटी भोगलं ना वयनीनी. आता तुमच्या घराला तरी..."

तिला पुढे काय म्हणायचं होतं कोण जाणे. माझ्या हातात पत्रावळ्यांचा गठ्ठा होता, तो मी खाली टाकला.

मी साधा माणूस. अंबरनाथच्या कारखान्यात लेथवर उभा राहून आयुष्य गेलं. धातू कशाने झिजतो ते मला कोणी शिकवायला नको. काशीचे देव आपोआप झिजले नव्हते. लग्न होऊन आली तेव्हा सासूने ताम्हण तिच्या हातात दिलं, त्या दिवसापासून रोज सकाळी ती चिंच आणि राखेने ते टाक घासायची. अंगठ्याने. ताप असो, पाहुणे असोत, घरात दाणा नसो. आमचा कारखाना बंद पडला तेव्हा ती उल्हासनगरला भाजी विकायला जायची. पहाटे टोपली भरून दाराशी ठेवायची आणि आधी देव घासून मग निघायची. घरात गॅस आला तशी चुलीची राख बंद झाली, तर परसात रोज एक गोवरी जाळायची, फक्त राखेसाठी. आधी देवीची नथ गेली, मग नाक गेलं, मग डोळे गेले. तिच्या अंगठ्याने गेले. एका बाईने तीस वर्षं न चुकता केलेलं काम त्या पत्र्यांवर दिसत होतं. आणि आता म्हणे त्यामुळेच ती मेली.

"सरस्वती," मी म्हणालो, "माझी बायको आजाराने गेली. देवाने मारली असं ज्याला म्हणायचं असेल त्याने माझ्या मांडवात जेवायला बसू नये."

आचाऱ्याने झारा कढईत तसाच धरला.

"अरे पन ती कुठं असं म्हनली!" कमळाकर ओरडला. "आनि ऐक. आता बोलतोच. नवे देव माझ्या बंगल्यावर जानार. संगमरवरी देवघर बांधलंय मी. हितं पूजा कोन करनार? घरात बाई हाय का? तू करनार? आयुष्यात कधी हात जोडलेस?"

नव्हते जोडले. खोटं कशाला सांगू. काशी करायची, म्हणून मला कधी करावं लागलं नाही.

पण तेव्हा मला कळलं की चांदी कशासाठी घातली. ज्याच्या घरी देव, ते थोरलं घर. गावदेवीच्या जत्रेत पहिला नारळ त्या घराचा. बंगला झाला, गाडी झाली, हे एक राहिलं होतं. माझ्या बायकोच्या तेराव्याला त्याने तेही उरकून घ्यायचं ठरवलं होतं.

"दुकान कुठलं?" मी विचारलं. कोणी सांगेना. पण आमच्याकडची चांदी उल्हासनगरलाच जाते, जुन्यातलं काही उरलं असलं तर तिथेच असणार. मी जयदेवला म्हणालो, "गाडी काढ. उल्हासनगरला जायचं."

जयदेव माझा मुलगा. चोवीस वर्षांचा, अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला. सगळा वेळ तो पाण्याच्या पिंपाजवळ उभा होता आणि त्याच्या तोंडून एक शब्द आला नव्हता. तो एम-एटी काढायला गेला.

आम्ही गेल्यावर मागे काय झालं ते मला जनाबाईने नंतर सांगितलं. पंगत बसली. लोक जेवायला आले होते, ते जेवले. जनाबाईला घास जाईना. ती सरस्वतीजवळ बसली होती आणि सरस्वती तिच्या पानात बुंदी वाढत होती.

"वन्सं, घ्या ना. तुमी काय वाईट केलं? तुमीच तर म्हनलात, अशे देव मना घरात नको."

जनाबाई तसं म्हणाली होती, हे खरं. टाक तिच्या घरी गेल्यावर तिच्या सुनेने ते बघितले आणि म्हणाली, आत्या, ह्यांना तोंडच नाही, आपल्या घरात बाळंतपण आहे, कशाला आणलेत? जनाबाईच्या मनात भीती शिरली. काशीशी तिचं सख्ख्या बहिणीसारखं होतं. दोघी एका ताटात जेवलेल्या. पण भीती शिरली की माणूस कोणाचं नातं बघत नाही. तिने टाक फडताळात फडक्याखाली झाकून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी कमळाकर आला तेव्हा सुटल्यासारखं वाटून त्याच्या हातात दिले. तो म्हणाला, दादाला आपण तेराव्याला दाखवू, खूश होईल. तिला ते खरं मानायचं होतं, म्हणून तिने मानलं.

"मी भ्यायले म्हनून म्हनले," जनाबाई पानावरून म्हणाली. "तू काशीला बोललीस ते कशापायी बोललीस?"

"मी काय बोलले? सगला गाव बोलतं."

"गाव नाय बोलला. तू बोललीस. माझ्या भावाच्या तोंडावर बोललीस, मांडवात."

"आता तुमी पन फिरलात का वन्सं? बंगल्यावर आलात तवा देवघर बघून काय म्हनला व्हतात?"

जनाबाई पान तसंच सोडून उठली. तेराव्याच्या पानावरून उठू नये म्हणतात. ती उठली.

आम्ही इकडे रस्त्याला लागलो होतो. अंबरनाथ मागे पडलं, उल्हासनगरच्या गल्ल्या सुरू झाल्या. कापडाची दुकानं, फर्निचरवाले, पापडवाले, पाट्यांवर सिंधी अक्षरं. जयदेव एका गल्लीत वळला, मग दुसऱ्या, आणि एका चांदीच्या दुकानासमोर त्याने गाडी थांबवली. तिथे उतरल्यावर माझ्या लक्षात आलं. मी त्याला दुकान सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं. त्याने कोणाला विचारलंही नव्हतं.

मी त्याच्याकडे बघितलं. तो गाडी स्टँडवर लावत राहिला.

दुकानाचा मालक हासोमल शेठ, पिकल्या केसांचा माणूस. गल्ल्याच्या वर झुलेलालचा फोटो, त्याला हार. मी चपला काढून आत गेलो.

"आओ बाबूजी, बैठो. भाऊ, दोन चाय सांग रे." मग त्याची नजर माझ्या मागे गेली. "अरे, ये तो अपना लडका है. टाक बरोबर झाले ना? कंप्लेंट है क्या?"

"जुने पाहिजेत," मी म्हणालो. "आमचे जुने टाक."

"पुराना?" शेठ माझ्याकडे बघतच राहिला. "बाबूजी, वो तो उसी दिन गल गया. दुसऱ्यांचे पैंजण होते, गिलास होते, सब एक साथ भट्टी में. अब उसमें से भगवान कौनसा और गिलास कौनसा, मैं कैसे निकालूं?"

"देव पैंजणांबरोबर वितळवलेत?"

मी मोठ्याने बोललो असेन. कारण शेठही चिडला. त्याने दोन्ही कान धरले.

"बाबूजी, मैं भी भगवान को मानता हूं. सब छोडके आये थे उधर से, तो सिर्फ इनका फोटो लेके आये थे." त्याने झुलेलालकडे हात केला. "मैंने पूछा था. एक बार नहीं, दो बार पूछा. बोला, पुराना रखना है तो रखो, नहीं तो थोडा चांदी नये में डालो, मराठी लोग वैसाच करते. तुम्हारा भाई तो फोन पे बात कर रहा था. ये लडका बोला, गला दो, पूरा गला दो. भट्टी के सामने खडा रहके देखा इसने. मैंने बोला बेटा, गरमी है, बाहर बैठ. नहीं बैठा."

चहा आला. मी घेतला नाही. मी चपला घालून बाहेर आलो.

जयदेव गाडीपाशी उभा होता. एवढ्या गर्दीत, हातगाडीवाले ओरडताना, मी त्याला एवढंच विचारलं. "का?"

"घरी जाऊन बोलू."

"इथेच बोल. घरी लोक आहेत."

त्याने गाडीचं हँडल धरलं. मग बोलायला लागला तसा थांबेना.

"शेवटी शेवटी तिला बसवत नव्हतं. तुम्ही सकाळी दूध आणायला जायचात, तेव्हा ती मला हाक मारायची. मी मागून धरायचो आणि ती घासायची. रोज. तिच्या बरगड्या मला छातीवर लागायच्या. धाप लागायची. मी म्हणायचो, आये, आज राहू दे. ती म्हणायची, झालंच रे, एवढी देवी झाली की झालं. आणि समोर ते तिघे. डोळे नसलेले. बाबा, ती एवढी घासते आणि हे बघतपण नाहीत. मी तेव्हाच ठरवलं होतं. ती गेली की ह्यांना आगीत घालीन. काकांना मान पाहिजे होता. मला ते वितळताना बघायचे होते. दोघांचं जमलं."

मला राग आला. हात उचलावा असाही आला. चोवीस वर्षांच्या मुलावर भररस्त्यात हात उचलला असता तर लोकांनी बघितलं असतं, एवढंच. पण त्याच्या तोंडाकडे बघून माझा हात जागचा हलला नाही. तेरा दिवसांत तो एकदाही रडला नव्हता. आम्ही सगळे म्हणत होतो, पोरगा घट्ट आहे.

"बघितलेस वितळताना?" मी विचारलं.

"हो."

"मग?"

"मग काय. पाणी झालं. चमकलं जरा. दुसऱ्यांच्या गिलासात मिसळलं."

"बरं वाटलं?"

तो गाडी स्टँडवरून काढायला लागला.

"मी विचारतो, बरं वाटलं का?"

"नाही वाटलं!" तो ओरडला. पापडवाला वळून बघायला लागला. "आणि तुम्ही मला कशाला विचारता? तुम्ही कुठे मानता? देवळाच्या बाहेर चपला सांभाळत बसणारे तुम्ही. आता एकदम कसा देव आठवला?"

"मी मानत नव्हतो," मी म्हणालो. "तू पण मानत नाहीस म्हणतोस. मग जो नाहीच आहे त्याला आगीत घालायला तू सुतकात घर सोडून इथपर्यंत कशाला आलास? नसलेल्यावर एवढं कोणी चिडत नाही, जयदेव. मी पण तेरा दिवस चिडलोय. लोकांवर चिडलोय म्हणून समजूत घालत होतो. फक्त लोकांवर नाही चिडलो."

तो गाडीवर बसला. किक मारली तर लागेना. पुन्हा मारली. त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा मी मागे बसलो आणि त्याला मागून धरलं. तो ज्या तऱ्हेने आपल्या आईला धरायचा तसं असावं. गाडी बऱ्याच वेळाने सुरू झाली.

कुळगावला आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पंगती उठल्या होत्या. दारात कमळाकरची व्हॅन, दरवाजा उघडा, आणि पुढच्या सीटवर लाल फडक्यात ते टाक. त्यांना तिथे सीटवर बसलेले बघून माझं डोकं पुन्हा फिरलं.

"खाली उतरव," मी म्हणालो.

"दादा, तमाशा नको," कमळाकर म्हणाला. "जयदेव, तू सांग तुझ्या बापाला. तू होतास ना बरोबर? तुझ्या समोर झालं सगळं."

सगळ्यांनी जयदेवकडे बघितलं. कमळाकरने चावी फिरवली. पुतण्या आपल्या बाजूचा, ह्याची त्याला खात्री होती.

"होतो," जयदेव म्हणाला. "गला दो असं मीच म्हटलं. तुमच्यासाठी नाही म्हटलं, काका. आणि देव तुमच्या घरी जावेत असं मी कधी म्हटलं नाही."

"आता ह्यो पन!" सरस्वती म्हणाली.

ओटीवर बाजेवर नाथा गुरव पडला होता. गावदेवीचा गुरव, सगळ्यांच्या घरी जेवणारा आणि जेवण झालं की तिथेच आडवा होणारा. आवाजाने तो उठून बसला.

"काय झालं रे? कशाला भांडतान?"

जनाबाईने त्याला सगळं सांगितलं. आपण भ्यायलो हेही सांगितलं, काही लपवलं नाही. नाथा ऐकत होता आणि दातात काडी घालत होता.

"मंग भेट झाली का?" त्याने विचारलं.

"कसली भेट?" कमळाकर म्हणाला.

"कसली म्हंजे? नवे टाक कार्ल्याला नेले का? गडावर एकवीरा आयच्या पायाशी ठेवले का? भेटीबिगर टाकाला देव कोन म्हनतो?"

"ते करू की नंतर. चैताच्या जत्रेला नेऊ."

"मंग चैतापावतर ती चांदी हाय," नाथा म्हणाला. "चांदी कुठं बी ठेव. गाडीत ठेव, बँकेत ठेव. मान मागू नको तिच्यावर."

कोणीतरी हसलं. कमळाकरचे कान लाल झाले.

"चांदी तर चांदी. माझी हाय ना? माझ्या पैशाची."

"मग उचल," मी म्हणालो. "तुझी आहे ना? ने. सोनाराकडे परत दे, बायकोला पैंजण कर. मी देवीचं काही म्हणत नाही, तुझ्या चांदीचं म्हणतो. सगळ्यांच्या देखत उचल आणि ने."

तो पुढे झाला. फडक्याला हात लावला. मांडवात भावकी उभी होती, शेजारी होते, भांडी घासणाऱ्या बाया हात थांबवून बघत होत्या. देवीला घातलेली चांदी ह्याने परत नेली, असं उद्या कुळगावात झालं असतं आणि बदलापूर स्टेशनपर्यंत गेलं असतं. कमळाकर माझा भाऊ आहे, मी त्याला लहानपणापासून ओळखतो. त्याला देवाची जेवढी भीती नाही तेवढी लोकांची आहे. त्याने हात मागे घेतला.

जनाबाई व्हॅनपाशी गेली. तिने लाल फडकं उचललं आणि आणून माझ्या हातात दिलं.

"ज्याच्या घरातनं मी नेले, त्याच्या घरात परत दिले," ती म्हणाली. "माझं एवढंच काम व्हतं. तेच मी नीट नाय केलं."

"चला वो," सरस्वती कमळाकरला म्हणाली. तिचा आवाज तेव्हा गोड नव्हता. "ह्यांना चांगलं केलेलं पचत नाय." गाडी गेली. माझ्याशी ती दोघं आजपर्यंत बोललेली नाहीत. मीही गेलेलो नाही.

मी फडकं हातात घेऊन उभा राहिलो. टाक जड होते. काशीचे हाताला लागायचेसुद्धा नाहीत, इतके पातळ झाले होते.

"नाथा," मी विचारलं, "जुन्यातलं थोडं नव्यात घालतात ना?"

"घालतान. पन तुमचं जुनं राहलंय कुठं?"

मी परसात गेलो. देव धुतलेलं पाणी, राखेसकट, काशी रोज केळीच्या बुंध्याशी ओतायची. तीस वर्षं. लेथवर पितळ घासलं की किस खाली पडतो, झाडून काढावा लागतो. हाताने घासलेल्या चांदीचाही किस पडतच असणार, डोळ्यांना दिसत नसेल एवढंच. देवीचे डोळे, नाक, नथ, घोड्याची शेपटी, सगळं त्या पाण्यातून जिथे गेलं असेल तिथे मी बसलो आणि बुंध्याजवळची मूठभर माती काढली.

मातीचा हात घेऊन मी पुढे आलो तेव्हा कोणी हसलं नाही. नाथाने माती बघितली, केळीकडे बघितलं.

"असं कर म्हनून कुठं सांगितलेलं नाय," तो म्हणाला. "नको करू असं पन कुठं सांगितलेलं नाय. बांध."

जनाबाई पदर तोंडाला लावून रडायला लागली. जयदेव ओटीच्या पायरीवर बसला होता. मी माती फडक्यात टाकली, टाकांच्या बरोबर, आणि गाठ मारायला लागलो. मला एका हाताने जमेना. त्याने उठून दुसरं टोक धरलं. गाठ मारून झाली तसा तो पुन्हा जाऊन बसला.

ह्याला आता दीड महिना झाला. गाठोडं तांदळाच्या डब्यात आहे. देवघर रिकामं आहे. मी रोज सकाळी परसात एक गोवरी जाळतो आणि राख वाटीत भरून ठेवतो. देव येतील तेव्हा लागेल. घासायचं कसं ते मला येत नाही, पण काशीलाही पहिल्या दिवशी येत नसेल. वाटीतली राख उरते. दुसऱ्या दिवशी मी ती केळीला घालतो आणि नवी करतो.

कार्ल्याला जायचं राहिलं आहे. गडाच्या पायऱ्या मला एकट्याला चढवणार नाहीत, कोणीतरी धरावं लागेल, असं मी जयदेवला सांगतो. ते खोटं आहे, हे त्यालाही माहीत आहे. तो जेवणाचा डबा उचलतो आणि कामावर जातो. मी रोज विचारतो. त्याने अजून हो म्हटलेलं नाही.